बोहनाचा दगड

पप्पांच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, यहोशवाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायापाशी घडी घातलेला एक कागद आहे. आलेखाचा कागद, घडीवर विरलेला. त्यावर शिसपेन्सिलीनं काढलेलं टिपण आहे. वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, मग उजवीकडून डावीकडे जाणारी वाकडीतिकडी रेघ, रेघेवर जागोजागी बारीक गोल आणि प्रत्येक गोलापाशी एक नाव. खाली पप्पांचं ठाशीव अक्षर: 'मौजे यहूदा. उत्तर हद्द.' आणि त्याच्याखाली, 'अंतरे दिलेली नाहीत. फक्त खुणा.'

पप्पा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सगळी नोकरी नगर जिल्ह्यात झाली. बांधावरून भांडणारे भाऊ, हद्द कायम करून मागणारे शेतकरी, मोजणीच्या दिवशी मुद्दाम गावाला निघून जाणारे शेजारी, यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी पवित्र शास्त्र पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि जिथं बाकीचे सगळे थकतात, तिथं ते थांबले.

आमच्या मंडळीत वर्षभरात शास्त्र वाचून काढायचा नेम दर जानेवारीला होतो. उत्पत्ती उत्साहात पार पडतं. निर्गमाचा अर्धा भाग पळतो. लेवीयापाशी चाल मंदावते, आणि यहोशवाच्या तेराव्या अध्यायापासून, इस्राएलाच्या वंशांना जमीन वाटून देताना, जी गावांची, डोंगरांची, नाल्यांची नावं सुरू होतात, तिथं माणसं गळतात. मीही गळायचे. तेराव्या अध्यायावर बोट ठेवायचं आणि उडी थेट चोविसाव्यावर, 'मी व माझे घराणे परमेश्वराची सेवा करणार' या वचनावर. ते वचन आमच्या घराघरांत दारावर लावलेलं असतं. पंधरावा अध्याय कोणी दारावर लावत नाही.

एकदा मी पप्पांना म्हटलंसुद्धा, की देवाच्या वचनात हे सगळं कशाला लागतं? त्यांनी चष्मा काढून कपाळावर सरकवला. "जमिनीच्या वादात हरलेल्या माणसासमोर त्याच्या शेताच्या चतुःसीमा वाचून दाखव," ते म्हणाले. "पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. बघ तो कंटाळतो का. एकेक शब्दाला त्याचा जीव वरखाली होतो. चाळीस वर्षं रानात फिरलेली माणसं आहेत ती. त्यांना कोणीतरी पहिल्यांदा सांगतंय, की तुझं इथून इथपर्यंत."

त्या दिवसापासून मी तो अध्याय, यहूदा वंशाच्या वाट्याच्या सीमेचा, त्यांच्या टिपणाबरोबर वाचते. बोट रेघेवर ठेवायचं आणि पूर्वेकडून निघायचं. यार्देन नदी जिथं क्षार समुद्राला, म्हणजे मृत समुद्राला, मिळते, तिथून सीमा सुरू होते. बेथ-होग्ला. बेथ-अराबा. मग रऊबेनाचा पुत्र बोहन याचा दगड. पुढं अखोर खोरं. इथं पप्पांनी गोलाभोवती आणखी एक गोल केला आहे. अखानानं लुटीतला माल तंबूत पुरून ठेवला आणि त्यापायी जिथं त्याला दगडमार झाला, ती जागा म्हणजे अखोर. नावातच त्रास आहे. आणि त्याच अखोर खोऱ्याला होशेय संदेष्टा पुढं आशेचं द्वार म्हणतो. सीमेच्या यादीत ते नाव कसल्याही विशेषणाशिवाय येतं. फक्त एक खूण. सीमा तिथून पुढं जाते.

मग अदुम्मीमचा चढ. यरीहोहून यरुशलेमेकडं चढत जाणाऱ्या वाटेवरची ही जागा. नावात तांबडेपणा आहे, तिथल्या मातीचा. प्रभू येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला वाटसरू याच वाटेवर लुटारूंच्या हाती सापडला. याजक बाजूनं निघून गेला, लेवी बाजूनं निघून गेला, आणि परका मानलेला शोमरोनी थांबला. 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाचं उत्तर येशूनं जिथं नेऊन ठेवलं, ती वाट यहूदाच्या हद्दीला लागूनच आहे. पप्पांनी इथं समासात एकच शब्द लिहिला आहे: 'लगतधारक.' मोजणीच्या नोटिशीत शेजारच्या शेतकऱ्याला हाच शब्द असतो. त्याला बोलावल्याशिवाय हद्द कायम होत नाही.

पुढं एन-शेमेश आणि एन-रोगेल. दोन्ही पाण्याची ठिकाणं. 'एन' म्हणजे झराच. दावीद राजावर त्याचा मुलगा अबशालोम उलटला, तेव्हा दाविदाचे दोन निरोप्ये या एन-रोगेलापाशी दबा धरून होते आणि एक दासी नगरातून बातमी आणून त्यांना देत होती. तिचं नाव शास्त्रात नाही. झऱ्याचं आहे. तिथून सीमा हिन्नोमाच्या खोऱ्यानं वर जाते. त्या खोऱ्यात पुढं लेकरांचे बळी दिले गेले आणि त्याच्या नावावरून नरकाला 'गेहेन्ना' हा शब्द आला. रेघ तशीच पुढं: रेफाईमाचं खोरं, जिथं दाविदानं तुतीच्या शेंड्यांवर पावलांची चाहूल ऐकली. किर्याथ-यारीम, जिथं कराराचा कोश, देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, वीस वर्षं एका घरात राहिला. बेथ-शेमेश, जिथं गाडीला जुंपलेल्या दुभत्या गाई, वासरं मागं कोंडलेली, हंबरत हंबरत तो कोश घेऊन आल्या आणि शेतातल्या एका मोठ्या धोंड्यापाशी थांबल्या. लोक तेव्हा गहू कापत होते. तिम्ना, शमशोनाचं. एक्रोन, पलिष्ट्यांचं. मग समुद्र.

सीमा आखली तेव्हा यातलं बहुतेक घडायचं होतं. दावीद नव्हता, शमशोन नव्हता, तो शोमरोनी तर फारच लांब होता. आखणाऱ्यांना त्या जागा म्हणजे झरा, चढ, टेकाड, धोंडा, इतकंच. मला या अध्यायाचा मोह पडला तो इथं. देवानं गोष्टी सांगायच्या आधी जमीन नावानिशी ओळखून ठेवली. ज्या झऱ्यावर पुढं कधीतरी एक दासी भीतभीत निरोप घेऊन येणार, तो झरा त्यानं आधी लिहून ठेवून दिला.

आणि एक गोष्ट, जी मला पप्पांनी दाखवेपर्यंत कळली नव्हती. ही रेघ यबूशांच्या डोंगराच्या दक्षिण उतारावरून जाते. यबूशांचं नगर म्हणजे यरुशलेम. म्हणजे यहूदाच्या हद्दीची रेघ यरुशलेमेला बाहेर, उत्तरेला ठेवते. अठराव्या अध्यायात ते शेजारच्या बन्यामीन वंशाच्या गावांत मोजलं आहे. आणि पंधराव्याचं शेवटचं वचन सांगतं की यबूशांना यहूदाचे वंशज घालवू शकले नाहीत. ते तिथंच राहिले.

'अंतरे दिलेली नाहीत' या टिपेबद्दल मी विचारलं होतं. पप्पा ज्या साखळीनं शिकले, ती ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला एक गुंठा; ४० गुंठ्यांचा एकर. आणा इकडचा तिकडं झाला तर माणसं कुऱ्हाडी काढतात. तेव्हा ज्या मोजणीत एकही अंतर नाही, ती त्यांना खटकायला हवी होती. पण ते म्हणाले, "क्रियापदं बघ." मी पाहिली. सीमा निघते, वर चढते, वळसा घेते, खाली उतरते, पार जाते, समुद्रापाशी संपते. सीमा चालते आहे. "ही कागदावरची मोजणी नाही," पप्पा म्हणाले. "हे शीव चालणं आहे. तुझे खापरपणजोबा हेच करत."

हे मला लहानपणापासून अर्धवट माहीत होतं. आमचे पूर्वज महारवाड्यातले. पणजोबांच्या काळात घराणं ख्रिस्ती झालं. त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामं: सरकारी निरोप पोचवायचा, सारा पोचवायचा, येणाऱ्याजाणाऱ्या अंमलदारापुढं धावायचं, मेलेलं जनावर ओढायचं. आणि गावाची शीव राखायची. दोन गावांत शिवेचा तंटा पडला, की महाराला पुढं करत. तो चालेल ती शीव. त्याचा शब्द मोडायचा नाही. ज्यांना वेशीच्या आत घर बांधता येत नव्हतं, त्यांच्याच पायांत गावाची हद्द होती. पाटलाला ठाऊक नसायचं की कोणत्या बाभळीपासून कोणत्या ओघळीकडं वळायचं. खापरपणजोबांना असायचं.

या कामांबद्दल मिळायचं ते वतन. आणि आमच्या मराठी पवित्र शास्त्रात इस्राएलाच्या वाट्याला शब्द आहे तोही 'वतन'. यहूदाचं वतन, मनश्शेचं वतन. डोंगरावरच्या प्रवचनातसुद्धा, 'जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.' हा शब्द मी कधीच साधेपणानं वाचू शकले नाही. आमच्याकडं वतन म्हणजे जमिनीचा एक तुकडा, आणि त्या तुकड्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलायला विधेयक मांडलं, ते या शब्दात अडकलेल्या माणसांना सोडवायला. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. आजोबांनी पैसे भरून जमीन पुन्हा नावावर करून घेतली. पावती त्यांनी याच पवित्र शास्त्रात ठेवली होती, कितीतरी वर्षं.

म्हणून यहोशवातलं एक वाक्य आमच्या घरात वेगळं वाजतं: लेवीच्या वंशाला वतन दिलं नाही, परमेश्वरच त्यांचं वतन. मंदिराचं काम करणाऱ्यांना जमीन नाही, पण ४८ नगरं राहायला आणि भोवतालची गायरानं. पप्पा म्हणायचे, जमीन न मिळणं हा शापच असतो असं नाही, तुला कोणी विचारत नाही हा शाप. मला ते पूर्ण पटत नाही. जमीन नसलेल्या माणसाला 'देवच तुझं वतन' असं जमीनवाल्यानं सांगणं मला सोसत नाही. पण देवानं स्वतः सांगितलं तर? इब्री लोकांस पत्रात येशूविषयी लिहिलं आहे की त्यानं वेशीबाहेर दुःख सोसलं. वेशीबाहेर. हा शब्द आमच्या वाड्याचा पत्ता होता. ज्यानं भाषांतर करताना तो शब्द घातला, त्याच्या मनात काय होतं देव जाणे, पण आमच्या आजीनं तो ऐकला तेव्हा तिला कोणी समजावून सांगायची गरज पडली नसणार.

वाटणीचा दिवस मला आठवतो. मी सहा वर्षांची होते. आजोबा थकले होते, तिघं मुलगे, जमीन सात एकर आणि एक विहीर. आजोबांनी स्वतः तीन वाटे पाडले. विहिरीजवळचा वाटा लहान, लांबचा मोठा, खडकाळ त्याहून मोठा. पाळकसाहेबांना बोलावून प्रार्थना झाली. मग तीन चिठ्ठ्या पितळी वाटीत घालून वाटी हलवली आणि मला पुढं केलं. लेकराच्या हातात कपट नसतं म्हणून चिठ्ठी लेकरानं उचलायची. वाटीचा गारपणा अजून बोटांना आठवतो. सगळी मोठी माणसं माझ्या हाताकडं पाहत होती, आणि कोणी श्वास घेत नव्हतं.

यहोशवाच्या अठराव्या अध्यायात हेच आहे. सात वंश अजून जमिनीवाचून होते. यहोशवानं प्रत्येक वंशातून तीन-तीन माणसं निवडायला सांगितली, म्हणजे एकवीस जण. त्यांनी देशभर पायी फिरायचं, गावागावानुसार सात भाग पाडून वहीत लिहायचं आणि वही शिलो इथं आणायची. मग तिथं परमेश्वरासमोर चिठ्ठ्या. आधी नीट पाहणी, नोंद, सारखे वाटे, आणि मगच चिठ्ठी. देवावर भरवसा टाकायचा म्हणजे मोजणी टाळायची, असं त्यात कुठंच नाही. आमच्या लोकांत अजूनही काहीजणांना वाटतं की कागदपत्रं बघणं म्हणजे अविश्वास. त्यांनी त्या एकवीस माणसांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं पाहावं.

आणि सगळ्यांचं देऊन झाल्यावर, एकोणिसाव्याच्या शेवटी, यहोशवाला त्याचा वाटा मिळतो: एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखातलं तिम्नाथ-सेरह. वाटप करणारा सगळ्यांत शेवटी. आजोबांनीही तसंच केलं. स्वतःसाठी त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. तिघांकडं चार-चार महिने.

त्या दिवशी ओट्याच्या कडेला आत्या बसली होती. पप्पांची थोरली बहीण, सगळे तिला आक्का म्हणत. तिच्यासाठी चिठ्ठी नव्हती. पुढच्या आठवड्यात तिला तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली, जशी हजारो बहिणींची घेतात. येताना तिला लुगडं घेतलं. ख्रिस्ती मुलीला बापाच्या मिळकतीत भावांइतकाच वाटा १९२५ च्या वारसा कायद्यानं दिलेला होता. घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पप्पांना ठाऊक होतं. त्यांचं कामच ते होतं. आक्कानं सही केली आणि कोणी तिला एक शब्द विचारला नाही.

मनश्शेच्या वंशातल्या सलाफहादाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. गणना या पुस्तकात त्या मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचं नाव का नाहीसं व्हावं? आम्हाला वतन द्या. मोशेनं परमेश्वराला विचारलं, आणि परमेश्वर म्हणाला, सलाफहादाच्या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. ही पाच नावं पुन्हापुन्हा येतात. वंशावळ्यांतून बायकांची नावं सहज गळतात, पण ही पाच गळली नाहीत. यहोशवाच्या सतराव्या अध्यायात त्या पुन्हा येऊन उभ्या राहतात, दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायला, आणि त्यांना चुलत्यांच्या बरोबरीनं जमीन मिळते.

१९१० साली शोमरोनच्या उत्खननात खापराचे तुकडे सापडले, शाईनं लिहिलेले. तेल आणि द्राक्षारसाच्या आवक-जावकीच्या नोंदी, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातल्या. कुठून माल आला त्या जागांची नावं त्यांवर आहेत, आणि त्यांत मनश्शेच्या मुलखात नोआ आहे, होग्ला आहे. दोन बहिणींची नावं मातीला लागून राहिली होती. अमुक वर्षी नोआहून जुन्या द्राक्षारसाचा एक रांजण, अशा थाटाच्या त्या साध्या हिशेबी ओळी. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले. ज्यांनी दाराशी उभं राहून मागितलं, त्यांच्या नावानं शेकडो वर्षांनी कारकून रांजण मोजत होता.

यहूदाच्या हद्दीच्या अध्यायातही एक मुलगी आहे. सीमा संपते आणि गावांची लांबलचक यादी सुरू व्हायच्या आधी, मधेच चार ओळींत ती येऊन जाते. अखसा, कालेबाची मुलगी. हाच तो कालेब, पंच्याऐंशीव्या वर्षी 'हा डोंगराळ मुलूख मला दे' म्हणणारा. त्यानं लेकीला दिलेली जमीन दक्षिणेची, कोरडी. ती गाढवावरून उतरते. कालेब विचारतो, "तुला काय पाहिजे?" ती म्हणते, मला आशीर्वाद द्या, कोरडी जमीन दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या. आणि तो तिला वरचे झरे आणि खालचे झरे, दोन्ही देतो.

पप्पांच्या प्रतीत 'तुला काय पाहिजे?' या शब्दांखाली दोन रेघा आहेत. पेन्सिल इतकी दाबली आहे की मागच्या पानावर वळ उठला आहे.

या अध्यायांबद्दल लिहायचं आणि त्या भूमीत आधीपासून राहणाऱ्या कनान्यांबद्दल गप्प बसायचं, हे मला जमत नाही. ती भूमी रिकामी नव्हती. ती गावं कोणाची तरी होती. ज्या वाड्यातून आम्ही आलो, त्या वाड्यातल्या माणसाला 'देवानं ही जमीन आम्हाला दिली' असं बलवानानं म्हणताना ऐकण्याची सवय आहे, आणि भीतीही. आजही त्या मुलखात रेघांवरून लेकरं मरतात. यहोशवाचं पुस्तक कोणाच्याही हातात आजच्या खरेदीखतासारखं द्यायला माझी तयारी नाही. मला जे धरून ठेवतं ते शास्त्राचंच दुसरं टोक. बाबेलात हद्दपार झालेल्या यहेज्केल संदेष्ट्याला पुन्हा सीमा दाखवल्या जातात: उत्तरेस इथून, पूर्वेस इथून, दक्षिणेस इथून. तीच पद्धत, तशीच नावं. पण तिथं एक नवी अट आहे. तुमच्यामध्ये राहणारे परदेशी, ज्यांना तुमच्यात मुलंबाळं झाली, त्यांना देशात जन्मलेल्यांसारखंच माना. ज्या वंशात ते राहतात तिथंच त्यांना वतन द्या. ज्यांनी जमीन गमावली, त्यांनाच हे सांगितलं गेलं. लेवीयात तर देव मूळ मालकी कोणाची हे आधीच सांगून टाकतो: जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परके आणि उपरे आहात. सातबाऱ्यावर आपलं नाव भोगवटादार म्हणून असतं. पप्पांना हे वचन म्हणूनच सोपं गेलं.

त्याच लेवीयात शेताचे कोपरे कापू नका असं आहे, सरवा वेचू नका, तो गरिबांना आणि परक्यांना राहू द्या. म्हणजे बांधालगतचं पीक आपलं नाही. रूथ अशाच एका शेतात सरवा वेचत होती, मवाबी बाई, बेथलेहेमात. आणि शेजाऱ्याच्या सीमेचा दगड सरकवू नका, हे शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकात आहे, नीतिसूत्रांत आहे, ईयोबात आहे. नीतिसूत्रं तर सांगतात, पोरक्यांच्या शेतात शिरू नका, कारण त्यांचा कैवारी बलवान आहे. पप्पांनी नोकरीत किती सरकलेले दगड पाहिले असतील! रात्रीतून हात-दीड हात. ते म्हणायचे, मोठा माणूस एकदम एकर खात नाही, तो दर नांगरटीला नांगराचं एक तास खातो.

गेजेर नावाच्या गावाभोवती खडकात कोरलेली अक्षरं आहेत. पहिला लेख १८७४ मध्ये सापडला. 'गेजेरची हद्द.' इब्रीत एवढंच, आणि बाजूला ग्रीकमध्ये एका माणसाचं नाव, अल्कियोसचा. छायाचित्रात नुसता उघडा कातळ दिसतो, गवत, आणि उन्हात नीट पाहिलं तर अक्षरं. तिथं उभं राहून कोणीतरी छिन्नी मारली, की पुढच्याला कळावं. मला ते लेख फार आवडतात. बढाई नाही, युद्ध नाही. इथवर माझं, इथून तुझं.

आणि बोहन. पप्पांच्या टिपणावर त्याच्या गोलापाशी प्रश्नचिन्ह आहे. रऊबेनाचा वंश यार्देनेच्या पूर्वेला राहिला आणि हा दगड पश्चिमेला, यहूदा आणि बन्यामीन यांच्या शिवेवर. हा रऊबेनी माणूस नदी ओलांडून तिथं काय करत होता? शास्त्रात त्याचं नाव दोनदाच येतं, यहूदाच्या हद्दीत आणि बन्यामिनाच्या हद्दीत, दोन्ही वेळा दगडापुरतं. त्यानं काय केलं, कुठं मेला, कोणी त्याच्यासाठी धोंडा उभा केला, एक शब्द नाही. लिहिणाऱ्याला वाटलं असणार की सांगायची गरज काय, बोहनाचा दगड सगळ्यांना ठाऊक आहे.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी पप्पा एका सकाळी न सांगता एसटीनं आक्काच्या गावी गेले. हे मला नंतर आक्कानंच सांगितलं. ती शेणी थापत होती. पप्पा ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आक्का, तुला काय पाहिजे?"

तिला वाटलं बाजारातून काही आणायचंय. मग पप्पांनी सहीचा विषय काढला. आक्का बराच वेळ बोलली नाही. हातावरचं शेण वाळलं. "सतरा वर्षांनी इचारतोस व्हय रे," ती म्हणाली, आणि मग रडली, आणि मग म्हणाली, "हिरीजवळ जागा दे. लई नको. दोन लिंबं लावीन."

चिठ्ठीत विहिरीजवळचा वाटा आमचाच आला होता. माझ्या हातानं उचललेला. पप्पांनी माळ्यावरून जुनी साखळी काढली, कड्या तेलानं पुसल्या. सर्व्हे खात्यात तोवर ती कोणी वापरत नव्हतं. भावानं एक टोक धरलं, मी दुसरं. एक साखळी रुंद, दोन साखळ्या लांब. दोन गुंठे. तुकडेबंदीच्या कायद्यामुळं एवढ्याशा तुकड्याची नोंद तेव्हा होत नव्हती, हे पप्पांइतकं कोणाला ठाऊक असणार. म्हणून त्यांनी चार कोपऱ्यांना चार दगड पुरले, वर चुना लावला आणि आम्हा दोघांना तिथं उभं करून प्रार्थना केली. आक्का विहिरीच्या कठड्यावर बसून पाहत होती. प्रार्थना संपल्यावर ती उठली, एकेका दगडापाशी गेली आणि पायानं दाबून बघितला, बसलाय का नीट.

लिंबं तिनंच लावली. वर्षातून दोनदा यायची, पिशवी भरून न्यायची, आणि निघताना आईच्या हातात त्यातलीच चार ठेवायची.

आक्का जाऊन आता बारा वर्षं झाली. पप्पा तिच्या आधी गेले. चारातले तीन दगड नांगरटीत हलले, एक राहिला, विहिरीकडचा. भाऊ दर दिवाळीआधी त्याला चुना लावतो. गेल्या मृगाच्या आधी मी गेले होते, तेव्हा नवा ट्रॅक्टरवाला आला होता, कोवळा पोरगा, दुसऱ्या तालुक्यातला. वावराच्या कडेला येऊन त्यानं ओरडून विचारलं, कुठवर घालू? भाऊ विहिरीवर मोटारीचं बघत होता. तिथूनच त्यानं हात केला.

"आक्काच्या दगडापर्यंत घाल. तिथनं वळव."

पोरानं मान हलवली. आक्का कोण, हे त्यानं विचारलं नाही. दगड त्याला दिसत होता.